चाकांवरचे दुकान : ओढायचे की पाठीवर घ्यायचे?

गेल्या महिन्यात आमचा भाचा परभणीहून हट्ट्याला आला. हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये अमेरिकेतल्या एका गाडीची फिल्म. पुढे मोठी पिकअप, मागे तिच्या पाठीवर मान टेकवून बसलेले तीस फुटांचे घर. घरात पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळे. नवरा-बायको वर्षानुवर्षे त्यात राहून देशभर फिरतात. भाचा म्हणाला, "मामू, आपण असेच करू. पुढे गाडी, मागे दुकान आणि दुकानातच घर. दसऱ्याला निघायचे ते महाशिवरात्रीलाच परतायचे."

ही केवळ हौस असती तर आम्ही हसून सोडून दिले असते. परंतु भाच्याचे परभणीतील भाड्याचे दुकान मालकाने रिकामे करून घेतले आहे. दोन मुली शाळेत जातात. एका वर्कशॉपवाल्याने त्याला सोळा फुटांचा ट्रेलर बांधून देण्याचे कबूल केले असून पन्नास हजार रुपये बयाणा मागितला आहे. तेव्हा प्रश्न एका घराच्या रोजीरोटीचा आहे. आमच्या वाचकांपैकी अनेक कापडवाले, मन्यार, भांडीवाले, गादीवाले हेही आज याच विचारात आहेत. दुकानाचे भाडे परवडत नाही, आठवडी बाजार आणि उरूस-जत्रा करायच्या तर कोणती गाडी घ्यावी, असे ते आम्हाला विचारतात. म्हणून या विषयावर चार गोष्टी मोकळेपणाने लिहीत आहोत.

आमच्या वालिदांनी बाजार केले ते बैलगाडीने आणि नंतर एस.टी.च्या टपावर गाठोडे टाकून. आम्ही स्वतः जीपच्या मागे ट्रेलर जोडून दोन हंगाम काढले आणि त्याची किंमतही मोजली. ती हकीकत पुढे येईलच.

तीन प्रकारच्या गाड्या

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की चाकांवर माल नेण्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार एकाच अंगाच्या गाडीचा. इंजिन आणि माल एकाच चौकटीवर. आपला छोटा हत्ती, पिकअप, ४०७ हे सगळे यात येतात. टाटा कंपनीने ४०७ आणली १९८६ साली आणि छोटा हत्ती म्हणजे टाटा एस आणली २००५ साली. मराठवाड्यातील बाजार आज मुख्यतः याच जातीच्या गाड्यांवर चालतात.

दुसरा प्रकार मागे ओढायच्या ट्रेलरचा. गाडीच्या मागच्या बंपरखाली हूक, त्यात ट्रेलरची दांडी. ट्रॅक्टरची ट्रॉली सर्वांनी पाहिलीच आहे, तत्त्व तेच.

तिसरा प्रकार भाच्याने दाखविला तो. यात ट्रेलरची मान पुढे येऊन गाडीच्या पाठीवर, मागच्या आसाच्या जवळपास ठेवलेल्या लोखंडी तबकडीवर बसते. ट्रेलरच्या मानेखालची जाड पिन त्या तबकडीत अडकते व तिच्यावरच फिरते. हायवेवर जे कंटेनर ओढणारे मोठे ट्रेलर दिसतात, ज्यांच्या पुढच्या इंजिनाला ड्रायव्हर लोक 'घोडा' म्हणतात, त्यांची जोडणी अशीच असते. इंग्रजीत या तबकडीला फिफ्थ व्हील म्हणजे पाचवे चाक म्हणतात. घोडागाडीच्या काळात पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक चाक आडवे निजवून बसवीत. चार चाके जमिनीवर, हे पाचवे आडवे. नाव तेथून आले.

कारागीर बंधूंना हे वाचून आनंद होईल की अशा ट्रेलरचा धंदा उभा करणारा मनुष्य लोहार होता. १९१४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या लोहाराकडे लाकडाचा एक व्यापारी आला. त्याला आपली होडी फोर्ड मोटारीच्या मागे जोडून न्यायची होती. फ्रूहॉफने जोडणी बनवून दिली. व्यापाऱ्याला ती इतकी सोयीची वाटली की त्याने लाकूड वाहण्यासाठीही तसाच ट्रेलर मागितला. त्यातून पुढे मोठी कंपनी झाली. राहण्याच्या घराला हीच जोडणी लावण्याचे काम विमाने बनविणाऱ्या ग्लेन कर्टिस यांनी केले. १९२० च्या दशकात त्यांची अशी फिरती घरे विकली जात होती.

बैलगाडीचा जुनाच हिशेब

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात खरा फरक कशाचा? वजन कुठे पडते त्याचा. हे ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला सांगावे लागत नाही. ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाले तर बैलांची मान दबते. जाणता गाडीवान गोणी एक हात पुढे, एक हात मागे सरकवून मग निघतो.

ट्रेलरचेही तसेच. मागे ओढायच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाचा दहावा हिस्सा ते साधारण सातवा हिस्सा, म्हणजे शंभर किलोला १० ते १५ किलो, हुकावर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर वेगात ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागते आणि एकदा झुलू लागले की पुढच्या गाडीलाच ते ओढून नेते. पाठीवर बसणाऱ्या ट्रेलरमध्ये शंभराला १५ ते २५ किलो भार घ्यावा लागतो. तो भार आसाच्या जवळ पडत असल्याने झुलण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून अमेरिकेत ज्यांना महिनोन्‌महिने फिरायचे असते व मोठे घर हवे असते ते मागे ओढायच्या ट्रेलरपेक्षा पाठीवरचा ट्रेलर पसंत करतात. एवढ्यापुरता भाचा बरोबर आहे.

परंतु तो भार झेलणारी पाठ कोणाची? तिकडचे हे ट्रेलर तीन टनांपासून सात टनांपर्यंत आणि त्याहूनही जड असतात. ते ओढणाऱ्या पिकअपची इंजिने सहा-साडेसहा लिटरची असतात. आपल्या बाजारात चालणाऱ्या बोलेरो पिकअपचे इंजिन अडीच लिटरचे. शिवाय तबकडी बसविली की पिकअपचा हौदा माल भरायला उरत नाही. म्हणजे ज्या हौद्यासाठी आपण पिकअप घेतो तोच हौदा ट्रेलरची मान खाऊन टाकते. अमेरिकन माणसाला त्याची फिकीर नाही, कारण त्याला हौद्यात लुगडी भरायची नसतात.

रिकाम्या वजनाचा धोका

गाडी किंवा ट्रेलर घेताना सर्वांत मोठी फसगत वजनाच्या आकड्यात होते. विकणारा नेहमी रिकामे वजन सांगतो. भाच्यालाही वर्कशॉपवाल्याने सांगितले, "चौदाशे किलो, तुमची पिकअप सहज ओढेल." आम्ही भाच्यापुढे कागद ठेवला आणि लिहायला सांगितले. ट्रेलर १४०० किलो. पाण्याची टाकी २०० लिटरची, म्हणजे २०० किलो. पलंग, फळ्या, कपाट १५०. सिलिंडर, भांडी, बॅटरी, अंथरूण-पांघरूण १००. कापड निदान ५००. बेरीज २३५० किलो. चौदाशेचे साडेतेवीसशे झाले आणि अजून माणसे बसलीच नाहीत. यात पाठीवरच्या जोडणीने गाडीवर साडेतीनशे ते सुमारे सहाशे किलो येतात. मागच्या हुकावर घेतले तर दोनशे पस्तीस ते साडेतीनशे.

ब्रेकचा प्रश्न आणखी निराळा. गाडी थांबली तरी मागचे सव्वादोन टन थांबायला तयार नसतात. युरोपात साडेसातशे किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत असा नियम आहे. भाच्याच्या ट्रेलरच्या अंदाजपत्रकात ब्रेकचा उल्लेखच नव्हता. रंग कोणता, खिडक्या किती, जाळी कशी, हे सर्व होते.

हाच हिशेब छोट्या हत्तीचाही करून पाहिला पाहिजे, नाहीतर आम्ही एका बाजूचेच बोललो असे होईल. पहिला टाटा एस सुमारे साडेसातशे किलो मालाचा म्हणून आला. दोन माणसे १३० किलो, तंबूचे पाइप व ताडपत्री ११०, फळ्या-टेबल ६०, स्वयंपाक व अंथरूण ६०, पाणी ५०, दिवे-बॅटरी ३०. हे झाले ४४०. कापडाला उरले ३१०. घडी घातलेले सुती लुगडे अर्ध्या किलोचे धरले तर सहाशे लुगडी. चादरी, ब्लँकेट भरायचे तर त्याच्या निम्मेही मावत नाहीत. म्हणजे छोट्या गाडीलाही मर्यादा आहे आणि बाजारात आपले लोक ती रोज ओलांडतात. पाटे वाकतात, टायर फुटतात आणि मग दोष नशिबाला देतात.

आमची स्वतःची चूक

२००८ च्या हंगामात आम्ही जीपमागे दोन चाकी ट्रेलर जोडून माळेगावच्या जत्रेला निघालो होतो. ट्रेलर गावाकडच्याच एका कारागिराने बांधलेला होता. दिसायला मजबूत होता, परंतु त्याची नोंदणी केली नव्हती. सकाळी घाई होती. धाकट्या भावाने जड गाठी मागच्या दाराजवळ टाकल्या, कारण जत्रेत त्या आधी काढायच्या होत्या. आम्ही पाहिले आणि काही बोललो नाही.

एका उतारावर ट्रेलर झुलू लागला. आम्ही घाबरून ब्रेक दाबला, आणि तीच दुसरी चूक. अशा वेळी पाय वर घेऊन गाडीचा वेग आपोआप उतरू द्यायचा असतो. ट्रेलर जीपसह खड्ड्यात गेला. भावाचा हात मोडला. अल्लाहचे शुक्र की जीव वाचले. खड्ड्यात पाणी होते, सुमारे ऐंशी हजारांचा माल चिखलात गेला. विमा कंपनीने जीपचे पैसे दिले. ट्रेलरचे व मालाचे काही दिले नाही, कारण कागदावर ट्रेलर नव्हताच. भावाचा हात आजही पूर्ण वर जात नाही. ज्या चुकीला आम्ही गप्प राहिलो तिची आठवण तो थान उचलताना दररोज होते. भाच्याला आम्ही एवढे कठोरपणे अडविले त्याचे कारण हे आहे.

कायदा काय म्हणतो

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हे दोन्ही प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. मागे ओढायचा तो ट्रेलर. ज्याचा काही भाग गाडीवर टेकतो व ज्याच्या वजनाचा हिस्सा गाडी झेलते तो सेमी-ट्रेलर. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही दिसला पाहिजे. विम्यातही ट्रेलरची वेगळी नोंद करून घ्यावी लागते. पिकअपला तबकडी बसविणे, टेम्पोच्या हौद्याची खोली बनविणे हा गाडीतील बदल झाला. कंपनीने ठरविलेल्या व आर.सी.वर नोंदलेल्या रचनेत फेरफार करण्यास कायद्याचे कलम ५२ आड येते, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ साली एका निकालात हे स्पष्ट केले आहे. वर्कशॉपवाला म्हणेल, "सगळेच करतात." अपघात झाल्यावर 'सगळे' कोर्टात येत नाहीत.

लायसन्सच्या बाबतीत मात्र एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला मनुष्य साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. छोटा टेम्पो चालविणाऱ्या आमच्या हजारो बंधूंना यामुळे दिलासा मिळाला आहे. ट्रेलर जोडायचा असेल तर मात्र आर.टी.ओ. कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तराला किंमत नाही.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. भाच्याने तेही दाखविले. परंतु ते पर्यटकांसाठी आहे. त्यात फिरत्या व्यापाऱ्याला जत्रेत जागा देण्याची काही सोय नाही. आपल्याला जागा मिळते ती ग्रामपंचायतीची नाहीतर जत्रेच्या कमिटीची पावती फाडून. तहबाजारी जागेच्या मापाने घेतात. सोळा फुटांचा ट्रेलर आणि त्याच्यापुढे दांडीची पाच फूट जागा, म्हणजे एकवीस फुटांची पावती. टेम्पोवाला तेवढ्या पैशांत दोन दिवस बसतो.

मालाची बिले सोबत ठेवावीत, हेही या निमित्ताने सांगून टाकतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याचा राज्यातल्या राज्यात एक लाखावरचा माल गाडीत असेल तर ई-वे बिल लागते. दुकानच चाकांवर असले तर माल नेहमीच गाडीत असतो, हे विसरू नये.

खरेच घर हवे आहे का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चाकांवर घर कोणाला लागते? तमाशाचे फड महिनोन्‌महिने ट्रकमधून गावोगाव जातात, त्यांना लागते. ऊसतोड कामगार सहा महिने कारखान्याच्या फडावर राहतात, त्यांनाही लागते, पण बिचाऱ्यांना कोपीवर भागवावे लागते. टुरिंग टॉकीजवाल्यांना लागत असे.

आमच्या हट्ट्याच्या व्यापाऱ्याला लागते का? भाच्याचा हंगाम मोजून पाहू. हिंगोलीचा दसरा, मार्गशीर्षातली लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस, मग महाशिवरात्रीला औंढा नागनाथ. मध्ये वसमत, पूर्णा, जवळाबाजार या भागांतले आठवडी बाजार. यातील कोणत्याही ठिकाणाहून रात्री निघाले तर त्याच रात्री हट्ट्याला किंवा परभणीला घरी पोहोचता येते. माळेगावला मुक्काम करावा लागतो, उरुसाला रात्री उशीर होतो, इतकेच. म्हणजे आपल्याला चाकांवर दुकान हवे आहे, घर नको आहे. रात्री मालाजवळ एका माणसाने झोपायचे, ती राखण झाली. त्यासाठी एक खाट पुरते.

हंगामाची आणखी एक खुबी आहे. यात्रा तिथीने येतात, परभणीचा उरूस इंग्रजी तारखेने २ फेब्रुवारीला येतो, पण चांद्र महिन्याने होणारे इतर उरूस दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. काही वर्षांनी तेच उरूस भर उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात पडतात. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत दुपारी बसून पाहावे म्हणजे चाकांवरच्या घराची हौस फिटेल. तंबूला चारी बाजूंनी वारा लागतो.

भाच्याचा एक मुद्दा मात्र आम्हाला निरुत्तर करणारा होता. तो म्हणाला, "मामू, बायको सोबत असते. जत्रेत बाईमाणसाने जायचे कुठे? पहाटे अंधारात उठावे लागते. ट्रेलरमध्ये निदान न्हाणीघर तरी असेल." हे खरे आहे. आमच्या घरच्या स्त्रियांनी हे हाल वर्षानुवर्षे सोसले आणि आम्ही पुरुषांनी त्याचा कधी हिशेब केला नाही.

याचे उत्तर भाचेसुनेनेच दिले. ती म्हणाली, "मामूजान, टाकीत पाणी भरणार कोण? आणि घाण पाणी टाकणार कुठे?" अमेरिकेतल्या ट्रेलरला तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक धुण्या-न्हाण्याच्या पाण्याची, एक संडासाची. तेथे मुक्कामाच्या जागी त्या रिकाम्या करण्याची व्यवस्था असते. आपल्या जत्रेत ती कोठे आहे? शेवटी ते काम तिच्याच वाट्याला येणार होते. तिने पुढे असेही सांगितले की मुलींची शाळा चार महिने बुडविणार असाल तर ती ट्रेलरमध्ये पाय ठेवणार नाही. आमच्या मते जत्रेच्या कमिट्यांकडे स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची मागणी सर्व फिरत्या व्यापाऱ्यांनी मिळून केली पाहिजे. पावती आपण फाडतो, मग मागणी का करू नये?

हप्ता बारा महिने, चाक चार महिने

पैशाचे बोलू. भाच्याचा अंदाज असा: ट्रेलर साडेचार लाख, जुनी पिकअप पाच लाख, एकूण साडेनऊ लाख. महिना सोळा हजार हप्ता बसेल असे त्याला सांगण्यात आले. वर्षाचे झाले एक लाख ब्याण्णव हजार. विक्रीचे दिवस हंगामात शंभर धरले तर दर दिवशी एक हजार नऊशे वीस रुपये हप्त्यालाच बाजूला काढायचे, मग डिझेल, मग तहबाजारी, मग पोट. गाडी आठ महिने दारात उभी राहील, हप्ता उभा राहणार नाही. व्याजाबद्दल आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही, ज्याचा त्याने विचार करावा.

डिझेलचा फरक मात्र लोक समजतात तितका मोठा नाही. हंगामात अडीच हजार किलोमीटर धरा. एकटी गाडी लिटरला चौदा किलोमीटर देत असेल व ट्रेलरसह दहा, आणि डिझेल ९० रुपये धरले, तर फरक साडेसहा हजारांच्या आत आहे. खरा तोटा विकताना होतो. जुना टेम्पो नांदेड-परभणीत कोणत्याही दिवशी विकला जातो. आपल्या मापाने बांधलेला ट्रेलर घ्यायला कोण येणार? लोखंडाच्या भावाने भंगारवाला येईल.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एवढे सांगतो की २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे जुन्या गाडीची किंमत ठरविताना नव्या गाडीचा आजचा भाव आधी विचारून घ्यावा.

ट्रेलर कोणी घ्यावा

ट्रेलर वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याचा एक गुण फार मोठा आहे. इंजिन बिघडले तरी दुकान उभे राहते आणि दुकान उभे ठेवून गाडी मालाला पाठविता येते. एक अंगाच्या गाडीचे इंजिन बसले की दुकानही बसले. जो व्यापारी एका जागी पंधरा-वीस दिवस थांबतो, ज्याच्याकडे दोन माणसे गाडी चालविणारी आहेत, जो हायवेलगतच्या प्रदर्शनांतून दूरदूर फिरतो, त्याने नोंदणी केलेला, ब्रेक असलेला ट्रेलर रोखीने घ्यावा. त्याला मागे ओढायचा परवडेल. पाठीवरचा आपल्याकडच्या छोट्या पिकअपला झेपणारा नाही आणि आपल्या बाजारगल्ल्यांत वळणाराही नाही.

आठवडी बाजार करणाऱ्याने मात्र एक अंगाची गाडी घ्यावी. शक्य असल्यास दोघा भावांनी किंवा दोघा भरवशाच्या व्यापाऱ्यांनी भागीदारीत दोन लहान गाड्या घ्याव्यात. एकाची बिघडली तर दुसऱ्याची धावते आणि एक माल आणायला गेली तर दुसरी दुकान सांभाळते. ट्रेलरचा जो गुण आहे तोच अशाने मिळतो, आणि दोन्ही गाड्यांना गिऱ्हाईक आहे. भागीदारीचे कागद मात्र पहिल्याच दिवशी करावेत.

गाडी कोणतीही असो, तीन गोष्टी पाळाव्यात. कापडाच्या गाडीत सिलिंडर पेटवू नये, स्वयंपाक बाहेर करावा. थंडीत बंद गाडीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि झोपलेला मनुष्य झोपेतच संपतो. जड गाठी आसावर व खाली, हलका माल वर.

भाच्याला आम्ही सांगितले आहे की बयाणा देण्यापूर्वी एक काम कर. पिकअप भाड्याने घे, तुझा सगळा माल, तंबू, खाट, भांडी, पाण्याचे कॅन तीत भर, वसमतच्या वजनकाट्यावर उभी कर आणि पावती घेऊन ये. मग ती पावती, वर्कशॉपवाल्याचा कागद आणि आर.सी. शेजारी शेजारी ठेवून आपण तिघे बसू. तिघे म्हणजे तो, आम्ही आणि भाचेसून. तिने विचारलेला पाण्याचा प्रश्न अजून कोणी सोडविलेला नाही. वाचकांपैकी जे कोणी गाडीच्या विचारात असतील त्यांनीही पावती आधी घ्यावी आणि बयाणा नंतर द्यावा.